चौदा हजार किलोमीटरचा दोरा

बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर किती, असा प्रश्न भूगोलाच्या पेपरात कधी येत नाही. तो घरातून येतो. लेकीला तिकडे नोकरी लागली, जावई तिकडचा मिळाला, नातवाच्या बारशाला जायचं ठरलं, की टिळकवाडीतून, शहापुरातून, अनगोळातून मला फोन येतो. मी कॉलेजात भूगोल शिकवते, एवढंच त्याला निमित्त. “मॅडम, अमेरिका नेमकी किती लांब ओ?” मी विचारते, किलोमीटरमध्ये सांगू की तासांमध्ये? पलीकडे क्षणभर शांतता. मग ठरलेलं उत्तर, “दोन्ही सांगा की.”

आजचा लेख त्या ‘दोन्ही’बद्दल आहे. यातला एक आकडा कधी बदलत नाही आणि दुसरा कधी सारखा राहत नाही.

बंगळूरच का, तर आपल्या पोरांची वाट तिथूनच जाते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून आपल्याच गावात आहे. इथे इंजिनिअर झालेलं पोर आधी बंगळूरला जातं आणि तिथून कॅलिफोर्नियाला. सनीव्हेल, फ्रीमाँट, सांता क्लारा ही नावं आपल्याकडच्या आज्यांना आता निपाणी-संकेश्वरइतकी पाठ झाली आहेत. या सगळ्या गावांचा मोठा विमानतळ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा.

तर न बदलणारा आकडा आधी. देवनहळ्ळीचा बंगळूर विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ यांच्यात पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सरळ अंतर सुमारे १३,९९० कि.मी. आहे. नुसता आकडा ऐकून काही बोध होत नाही, म्हणून त्याला माप लावू. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० कि.मी. म्हणजे कुठलीही दोन गावं घ्या, त्यांच्यात २०,००० कि.मी.पेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही. त्याहून पुढे गेलात की तुम्ही मागच्या बाजूने परत जवळ यायला लागता. या कमाल अंतराला सोळा आणे म्हटलं, तर बंगळूर-सॅन फ्रान्सिस्को भरतं अकरा आणे. याच्या पलीकडे माणसाला लांब जायला पाच आणेच जागा उरते.

आता हे ‘सरळ’ अंतर कुठून जातं? वर्गात दरवर्षी मी एका विद्यार्थ्याला भिंतीवरच्या नकाशाशी उभं करते आणि बंगळूर ते कॅलिफोर्निया रेघ ओढायला सांगते. पट्टी घेऊन तो पश्चिमेकडेच निघतो. अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक महासागर, मग सबंध अमेरिका ओलांडून पलीकडचा किनारा. अमेरिका पश्चिमेला, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ‘पाश्चात्त्य’ म्हणतोच ना आपण त्यांना! पण रेखांश मोजले तर बंगळूरहून कॅलिफोर्निया पश्चिमेकडून सुमारे २०० अंश पडतं आणि पूर्वेकडून १६० अंश. म्हणजे न्यूयॉर्कचं काही असो, कॅलिफोर्निया आपल्याला पूर्वेकडूनच जवळ.

दुसरी भानगड सपाट नकाशाची. गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली जगाचा जो नकाशा केला, तो जहाजांच्या सोयीसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या खलाशाला आपली वाट नकाशावर सरळ रेघेत दिसावी, ही त्यामागची कल्पना. खलाशांचं काम झालं, पण ध्रुवांकडचे प्रदेश त्यात अवाच्या सवा ताणले गेले. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसायला लागलं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. त्या जातीच्या नकाशांवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना उत्तरेकडची वाट नेहमी लांबची वाटते.

म्हणून मग मी पृथ्वीगोल काढते. आमच्या विभागातला गोल जुना आहे, दक्षिण अमेरिकेला पोचा आलाय, पण कामाचा आहे. एका वर्षी दोरा सापडेना, तेव्हा एका मुलीने वेणीतल्या गजऱ्याचा दोरा सोडवून दिला. त्याचं एक टोक बंगळूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणून धरायचा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. या वाटेला आम्ही बृहद्‌वृत्त म्हणतो. गोलाचे बरोबर दोन अर्धे करणारं जे मोठ्यात मोठं वर्तुळ, त्याचा हा तुकडा.

दोरा बंगळूरहून निघतो तो जवळजवळ उत्तरेलाच, थोडासा पूर्वेकडे कलून. तेलंगणातून वर सरकतो आणि चक्क आपल्या महाराष्ट्रात शिरतो, गडचिरोलीच्या जंगलावरून! पुढे छत्तीसगड, गंगेचं खोरं, नेपाळात अन्नपूर्णा शिखराचा परिसर, तिबेट, चीनचा शिंजियांग, मंगोलियाची पश्चिम बाजू. मग सायबेरियाचा अफाट पसारा ओलांडून दोरा थेट आर्क्टिक महासागरावर जातो, जवळजवळ ७१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत. तिथून खाली वळून अलास्कात उतरतो, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर डेनाली त्याच्या वाटेवरच येतं, आणि अलास्काच्या आखातावरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागतो. आजीच्या मनातल्या अमेरिकेच्या वाटेवर लंडन असतं. दोऱ्याच्या वाटेवर गडचिरोली आणि अन्नपूर्णा आहेत.

वर्गात इथे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारा पोरगा मला नेहमी आवडतो. “मॅडम, पृथ्वी स्वतःभोवती फिरतेच आहे, मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर अमेरिका आपोआप खाली येणार नाही काय?” येणार नाही. हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या रेल्वेत उडणारी माशी डब्याबरोबरच पुढे जाते, मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसंच हे. पृथ्वी फुकट प्रवास घडवत नाही. वारा मात्र घडवतो, आणि तासांचा हिशेब बदलतो तो तिथेच.

विमान हवेत चालतं. आपल्या दृष्टीने ते जमिनीवरच्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जातं, पण त्याच्या दृष्टीने ते फक्त हवा कापत असतं, ताशी साधारण ९०० कि.मी. वेगाने. हवाच जर वाहत असेल, तर पुरात पोहणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. प्रवाहाबरोबर गेला तर हात न मारता पुढे, उलट गेला तर दमछाक होऊनही जागच्या जागी. जमिनीपासून ९ ते १२ कि.मी. उंचीवर, बरोबर विमानांच्या पातळीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या वेगवान नद्या वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास त्यांचा जोर फार असतो. ताशी ३०० कि.मी.च्याही पुढे.

या वाऱ्याची नोंद पद्धतशीरपणे घेणारा माणूस जपानीच होता. वासाबुरो ओइशी हे तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख. १९२३ पासून दोन वर्षं त्यांनी फुगे सोडून सोडून वरच्या हवेचा वेग मोजला आणि निष्कर्ष १९२६ साली प्रसिद्ध केले. साऱ्या जगाने वाचावेत म्हणून त्यांनी ते लिहिले एस्परांतो भाषेत, म्हणजे सगळ्या जगाची व्हावी म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत. परिणाम असा झाला, की जगात जवळजवळ कुणीच ते वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर गेली आणि या वाऱ्याने त्यांचे नेम चुकवले, तेव्हा कुठे त्यांना त्याची ओळख पटली. जपानने याच वाऱ्यावर सोडून सुमारे नऊ हजार कागदी फुगे बाँब बांधून अमेरिकेकडे धाडले. त्यातले काही पॅसिफिक ओलांडून खरोखर पोहोचले. ओरेगॉनच्या जंगलात ५ मे १९४५ रोजी अशाच एका बाँबने सहा जणांचा बळी घेतला, त्यात पाच मुलं होती. जपान ते अमेरिका हा प्रवास इंजिनाशिवाय, वाऱ्यावर होऊ शकतो, हे असं सिद्ध झालं.

आज तोच वारा प्रवासी विमानं वापरतात. याचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण ऑक्टोबर २०१६ चं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून जात असे; ती वाट सुमारे १३,९०० कि.मी. पडे. त्या महिन्यात ते पहिल्यांदा पॅसिफिकवरून गेलं. वाट झाली १५,३०० कि.मी., म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. भागाकार करून पाहा, सरासरी ताशी १,०५० कि.मी.च्या वर येते. विमानाचं इंजिन तेच, हवेतला वेगही तोच. वरचे दीडएकशे किलोमीटर वाऱ्याने घातलेले. लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना मी हातात आकडे दिल्याशिवाय पटत नाही.

परतीचं काय, असं तुम्ही विचाराल. वारा जाताना जे देतो ते येताना परत घेतो, आणि व्याजासकट घेतो. ढोबळ गणित करू. विमानाचा वेग ताशी ९००, वारा सगळीकडे सारखा ताशी १५० धरला, तर १३,९९० कि.मी. जायला सव्वातेरा तास लागतील आणि त्याच वाटेने यायला साडेअठरा तासांहून जास्त. दोन्हींची बेरीज बत्तीस तास. वारा नसता तर जाऊन येऊन एकतीस तासांत झालं असतं. म्हणजे फायदा-तोटा समसमान होत नाही, तासभर खिशातून जातोच, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडतं. म्हणून शहाणं विमान गेल्या वाटेने परत येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये बंगळूर-सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा सुरू झाली, तेव्हा तिकडून येणारं पहिलं विमान उत्तर ध्रुवावरून आणलं गेलं. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्यासोबतच्या तीन वैमानिक, चौघीही स्त्रिया. सुमारे १६,००० कि.मी.चा प्रवास, सतरा तासांहून अधिक. ९ जानेवारीला रात्री निघून त्या ११ तारखेला पहाटे बंगळूरला उतरल्या. वर्गातल्या मुलींना ही गोष्ट मी जरा सावकाश सांगते.

ही सेवा पुढे अखंड चालली असं नाही. मध्ये थांबली, डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. वेळापत्रकं येतात आणि जातात. थेट विमान कधी असतं, कधी नसतं, तेव्हा तिकीट काढताना त्या दिवसाचं काय ते विचारावं हे बरं.

तर मग ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेने विमान जातच नाही का? सहसा नाही. आणि त्याला कारण नुसता वारा नाही.

एक तर तिबेट. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान चटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या तोंडावर पडणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या घरात आहे. खाली यायला जागाच नाही. त्यामुळे बहुतेक विमानं त्याला वळसा घालतात.

दुसरं, इंजिनं. आताची बहुतेक लांब पल्ल्याची विमानं दोन इंजिनांची. एक बंद पडलं तर दुसऱ्याच्या जोरावर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत हाताशी असावा लागतो. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान या गावी उतरवावं लागलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. गाव लहान, भाषा अनोळखी, राहण्याची सोय जेमतेम. दुसरं विमान येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत ८ जून उजाडला. मगदान कुठे आहे हे त्या दोन दिवसांत आपल्याकडच्या कितीतरी आईबापांनी नकाशा काढून शोधलं असेल.

आणि तिसरं, माणसं. आकाशाला कुंपण नसतं असं आपण कवितेत म्हणतो. असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि थोड्याच दिवसांत अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांवर ती बंदी आली नाही. म्हणजे एकाच वेळी, त्याच दोन गावांच्या मधे, शेपटीवर कुठल्या देशाचा झेंडा आहे यावर वाट ठरू लागली. पुढे पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्नाला थांबावं लागलं. जमिनीवरची सीमा काय असते हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ती वर अकरा किलोमीटरवरही तशीच असते, एवढंच सांगते.

असा हा तासांचा आकडा. १३,९९० कायम. पण तास कधी साडेपंधरा, कधी सोळा, कधी साडेसतरा, आणि वाटेत विमान बदलायचं असेल तर बावीस, चोवीस, अठ्ठावीस.

हा फरक कधी कधी फार जड होतो.

श्रावणातली गोष्ट आहे. आमच्या ओळखीच्या एका घरातले आजोबा रात्री साडेआठच्या सुमारास गेले. एकुलता मुलगा सनीव्हेलला. मी पोहोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते, अंगणात माणसं जमली होती, बर्फ आणायला कुणीतरी गेलं होतं. थांबायचं की सकाळी उरकायचं, यावर हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. पुतण्याच्या हातात मोबाईल. “सोळा तास दाखवतंय की ओ. आत्ता निघाला तर उद्या दुपारपर्यंत येतोय.” थोरल्या काकांनी मान डोलावली. उद्या दुपारपर्यंत थांबायचं जवळजवळ ठरलंच. तेवढ्यात कुणाला तरी मी दिसले. “मॅडम, तुम्ही भूगोलाच्या. तुम्हीच सांगा, येतोय काय सोळा तासांत?”

मी सगळ्यांना घेऊन कट्ट्यावर बसले आणि बोटांवर हिशेब केला. तिकडे आता सकाळचे नऊ. थेट विमान त्या दिवशी नव्हतं. तिकीट मिळून, घर बंद करून, विमानतळावर तीन तास आधी पोहोचून तो संध्याकाळी आठला उडाला असं धरू; तेव्हा आपल्याकडे उद्या सकाळचे साडेआठ. वाटेत एक विमान बदलून बंगळूरला यायला चोवीस तास, म्हणजे परवा सकाळचे साडेआठ. पासपोर्टची रांग, सामान, दीड तास. सांबऱ्याला येणारं विमान वेळेत जुळलं तर नशीब, नाही तर देवनहळ्ळीहून गाडी. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगिरी, हुबळी करत बेळगाव, पाचशे किलोमीटर. नऊ तास तर नक्की, पाऊस आहे, दहा धरा. परवा रात्री आठ.

“म्हणजे अठ्ठेचाळीस तास,” थोरले काका म्हणाले. कुणी काही बोललं नाही. पुतण्याने मोबाईल खिशात घातला.

आजी दाराशी बसून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला जवळ बोलावून त्यांनी एवढंच विचारलं, “तिथं आता किती वाजल्यात?” मी सांगितलं, सकाळचे नऊ वाजून गेले. “मग त्याला सांगा, काही तरी खाऊन नीघ म्हणावं. रिकाम्या पोटी एवढ्या लांब येऊ नको.” मग थोरल्या दिरांकडे बघून म्हणाल्या, “ह्यांना वाट बघत ठेवू नका. सकाळी न्या.”

सकाळी पुतण्याने अग्नी दिला. मुलगा तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला दारात उतरला. दुसऱ्या दिवशीच्या अस्थी त्याने स्वतःच्या हाताने गोळा केल्या, आणि तेरावा करून परत गेला.

त्यानंतर आमच्या परिसरातल्या दोन-तीन घरांनी मला कागदावर हा हिशेब मांडून मागितला. मी दिला. मोबाईलवरचा आकडा एका धावपट्टीवरून उडून दुसऱ्या धावपट्टीवर टेकेपर्यंतचा असतो, हे त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं. मुलाच्या घरापासून विमानतळ किती लांब, पासपोर्ट कपाटात आहे की व्हिसाच्या शिक्क्यासाठी कुठे अडकलाय, परत अमेरिकेत शिरायला त्याची कागदपत्रं चालू आहेत का, हे त्याखाली. शेवटचा मुद्दा आपल्याकडचे लोक विचारतच नाहीत, आणि पोरं फोनवर सांगत नाहीत. कित्येकदा पोरगा येत नाही तो अंतरामुळे नाही, या कागदामुळे. हे बोलणं सणासुदीला, सगळे हसतखेळत असताना करून ठेवावं. रडारडीच्या रात्री ते होत नाही.

आणि बेळगाव-बंगळूर हा रकाना मी मुद्दाम मोठा ठेवला. आपल्याकडच्या प्रवासाला लोक हिशेबातच धरत नाहीत, ‘ते काय, रात्रभराचं’ म्हणून सोडून देतात. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारत धावू लागली, तरी तिलाही सहाशेवर किलोमीटरला साडेआठ तास लागतात. तेवढ्या वेळात विमान पॅसिफिकचा मोठा भाग ओलांडून जातं. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश हवाई दलाने बांधली. तिथून बंगळूर हवेतून साडेचारशे किलोमीटर, विमान बसलं तर तासाभराचं काम. पण ते विमान अमेरिकेच्या विमानाशी जुळेल तेव्हा खरं. त्यामुळे हिशेबात गाडीचेच तास धरावेत. सांबऱ्याचं विमान जुळलं तर तेवढे वाचले.

घड्याळाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावरून फोन फार चुकतात. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेबारा. बंगळूरहून दुपारी निघालेलं थेट विमान सोळा तास उडून त्याच तारखेला संध्याकाळी तिथे उतरतं. आईला वाटतं लेक अडीच तासांत पोहोचली. येताना उलट, मधली एक अख्खी तारीख नाहीशी झाल्यासारखी वाटते. एकादशीचा उपास धरून येणाऱ्या एका काकूंनी मला विचारलं होतं, की एकादशीच गायब झाली तर काय करायचं. मी म्हटलं, हा प्रश्न पंचांगवाल्यांना विचारा.

तिकडचं घड्याळ मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपण सकाळचा सातचा चहा घेताना तिकडे नोव्हेंबर ते मार्च आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेपाच असतात, बाकीच्या महिन्यांत साडेसहा. ऑफिसातून घरी निघालेला मुलगा गाडी चालवत असतो ती हीच वेळ. फोन अर्ध्या तासाने करा.